प्रकरण सातवे : पडद्यावरील अक्षराची कड

मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा देवनागरी अक्षराच्या सौष्ठवाची सारी जबाबदारी एकाच छपराखाली एकवटलेली होती. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी कारागीर पोलादावर अक्षर उलटे कोरी, त्या ठशावरून साचा निघे, साच्यातून शिशाचा खिळा ओतला जाई आणि तोच खिळा शाई घेऊन कागदावर उमटे. एखाद्या अक्षराची कड खडबडीत निघालीच, तर दोष कोरणाऱ्याचा, ओतणाऱ्याचा की छापणाऱ्याचा याचा निवाडा, खिळा भिंगाखाली धरून, त्याच वास्तूत होण्याजोगा होता. आज संगणकाच्या पडद्यावर तेच अक्षर वाचणाऱ्याला ती सोय उरलेली नाही. अक्षराची आकृती एक जण रेखाटतो, ती फॉन्टच्या फायलीत बंदिस्त होऊन दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहते, तिसऱ्याने रचलेला ब्राउझर ती मागवून घेतो, चौथ्याची कार्यप्रणाली तिचे ठिपक्यांत रूपांतर करते आणि ते ठिपके ज्या काचेवर उजळतात ती काच पाचव्याच कारखान्यातून आलेली असते. या पाच जणांत कोठे एकवाक्यता ढळली, की वेलांटीच्या कमानीला करवतीसारखे दात फुटतात, आणि त्या दातांचा धनी कोण हे वाचकालाच काय, पान रचणाऱ्यालाही पुष्कळदा उमगत नाही.

हे दात कोठून येतात हे समजण्यासाठी प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फॉन्टच्या फायलीत अक्षराचे चित्र साठवलेले असते असे आपण धरून चालतो. वास्तविक तेथे असतात त्या केवळ वक्ररेषांच्या खुणा, म्हणजे अक्षराची बाह्यरेषा कोणत्या बिंदूपासून निघून कशी वळत कोणत्या बिंदूला मिळते याचा गणिती दाखला. ट्रूटाइप जातीच्या फायलीत हे वक्र द्विघाती समीकरणांचे असतात, पोस्टस्क्रिप्ट जातीच्या फायलीत त्रिघाती. परंतु दोहोंतही आकृती कोणत्याही मापाला अचूक वाढवता वा घटवता येते, ही त्यांची थोरवी. अडचण उपस्थित होते ती पडद्यापाशी, कारण पडदा ही पिक्सेलांची चौकडीची वही आहे आणि तिच्यातल्या चौकोनाचे तुकडे पाडता येत नाहीत. समजा, आरेखकाने हजार एककांच्या चौकटीत शिरोरेषेची जाडी ऐंशी एकके धरली आणि मजकूर सोळा पिक्सेलांच्या मापात लावला, तर शिरोरेषेच्या वाट्याला येतात १.२८ पिक्सेल. यातला एक तर निर्वेधपणे काळा करता येतो. वरच्या पाव-एक पिक्सेलाचे काय करावयाचे, हा सगळ्या तंट्याचा मूळ मुद्दा आहे. तो सोडून दिला तर रेषा कृश होते, पुरा करून दोन पिक्सेल केले तर ती शीर्षकासारखी ठसठशीत होते, आणि वरच्या ओळीला फिकट करडा रंग दिला तर दुरून माप बरोबर भासते, पण कडेचा रेखीवपणा हरवतो.

सरळ रेषेची ही गत, तर वक्राची गोष्ट बोलावयासच नको. प्रारंभीच्या पद्धतीत पिक्सेलाचा मध्यबिंदू बाह्यरेषेच्या आत पडला तर तो काळा, बाहेर पडला तर पांढरा, असा खडखडीत निकाल लावला जाई. ज्या वक्राची चढण मध्यम, तिरपी असते त्यावर या न्यायाने लहान लहान पायऱ्याच पडतात. पण ज्याची चढण अगदी मंद असते, जो जवळजवळ आडवा असतो, त्याच्या कडेवर चार-चार, पाच-पाच पिक्सेलांच्या लांब पायऱ्या पडतात. इकार-ईकाराची शिरोरेषेवरची कमान, ओकाराची मात्रा, रफाराचा आकडा, ही सारी याच प्रकारची मंद वळणे आहेत.

यावर पहिला मोठा इलाज निघाला तो फॉन्टच्या पोटात सूचना भरून ठेवण्याचा. ॲपल कंपनीत सॅम्पो कासिला यांनी ट्रूटाइपची जी रचना केली, ती १९९१ साली मॅकच्या सातव्या प्रणालीबरोबर बाहेर आली आणि पुढल्या वर्षी विंडोजच्या ३.१ या आवृत्तीतही रुजू झाली. तिच्यात प्रत्येक अक्षरासोबत एक छोटासा आज्ञाक्रम जोडण्याची तजवीज होती. अमुक मापाला हा दांडा नेमका एक पिक्सेल रुंद करावा, ही रेषा चौकोनाच्या सीमेला आणून भिडवावी, या दोन दांड्यांतील मोकळी जागा कधीही बुजू देऊ नये, अशा हुकमांची ती मालिका असे, आणि याच कामाला हिंटिंग म्हणतात. मॅथ्यू कार्टर यांनी रेखाटलेल्या आणि टॉम रिकनर यांनी हिंटिंग केलेल्या व्हर्डाना व जॉर्जिया या १९९६ च्या टंकांनी त्या काळच्या ओबडधोबड पडद्यांवर जी स्वच्छता दाखविली, ती या परिश्रमाचे फळ होते. रोमन लिपीत मुळाक्षरे मोजकी असल्यामुळे हा परिश्रम आटोक्यात तरी राहतो. देवनागरीत जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रुंदीनुसार बदलणाऱ्या वेलांट्या यांची गणना शेकड्यांत जाते, आणि त्यांतील प्रत्येकाला हाताने सूचना लिहावयाच्या म्हणजे तपश्चर्याच होय. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा टंक कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा; त्याच्या वळणाविषयी मतभेद असू शकतील, पण विंडोजवर मराठी वाचता येऊ लागले यात त्या टंकाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो मी ऋण म्हणून मानतो.

दुसरा इलाज काचेच्या घडणीतून सुचला. रंगीत एलसीडी पडद्यावरचा पिक्सेल सहसा तांबड्या, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा बनलेला असतो. त्या पट्ट्या स्वतंत्रपणे उजळल्या, तर आडव्या दिशेने पडद्याची सूक्ष्मता तिपटीने वाढल्यासारखी होते. क्लिअरटाइप या नावाने मायक्रोसॉफ्टने १९९८ साली ही युक्ती जाहीर केली आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ती समाविष्ट झाली. पट्ट्या उभ्या असल्यामुळे लाभ मात्र केवळ आडव्या दिशेने होई. उभ्या दिशेने मूळचा एकच पिक्सेल कायम राही आणि त्या काळच्या जीडीआय नामक चित्रणयंत्रणेत त्या दिशेला कड मऊ करण्याची तरतूदच नव्हती. परिणामी रोमन अक्षरांचे उभे दांडे रेखीव झाले, परंतु मोठ्या मथळ्यातल्या गोल अक्षरांच्या माथ्यावर आणि तळाशी पायऱ्या तशाच राहिल्या. देवनागरीला ही विभागणी फारच विचित्र पडली: काना स्वच्छ, शिरोरेषा स्वच्छ, आणि तिच्यावर डोलणारी वेलांटी मात्र दगडी जिन्यासारखी.

ॲपलचा मार्ग वेगळा होता. मॅकवर हिंटिंगच्या आज्ञा बाजूला सारून आरेखकाची आकृती जशीच्या तशी, करड्या छटांनी वा त्याच तीन पट्ट्यांच्या साहाय्याने कडा मऊ करून, मांडली जाई. अक्षर किंचित भरीव आणि धूसर दिसे, पण दातेरी कधी दिसत नसे. दोन्ही पक्षांची बाजू समजण्यासारखी आहे. एकाला चौकोनाशी इमान राखावयाचे होते, दुसऱ्याला आकृतीशी. जोवर प्रत्येक यंत्रावर त्याचेच टंक वापरले जात, तोवर या मतभेदाने कुणाचे नुकसान झाले नाही.

ते झाले वेबफॉन्टच्या आगमनाने. २००८ ते २०१० या अवधीत प्रमुख ब्राउझर एकामागून एक सर्व्हरवरचा टंक मागवून घेऊ लागले, गूगल फॉन्ट्ससारखी भांडारे खुली झाली, आणि ज्या पानांवर आजवर चार-दोन ठरीव टंकच वापरावयाचे असत तेथे वाटेल ते वळण आणण्याची मुभा मिळाली. यांतले पुष्कळ टंक मॅकवर रेखाटलेले, मॅकवरच पारखलेले आणि म्हणून हिंटिंगवाचून सोडलेले होते; ते विंडोजच्या जीडीआयपुढे आले, तेव्हा त्या यंत्रणेला आज्ञेची अपेक्षा आणि फायलीत आज्ञा नाही, अशी अवस्था झाली. त्यातच विंडोज ७ मध्ये २००९ साली डायरेक्टराइट ही नवी यंत्रणा आली, जी उभ्या दिशेनेही कड मऊ करते आणि अक्षर पिक्सेलाच्या अपूर्णांकावरही ठेवू शकते. इंटरनेट एक्स्प्लोररची नववी आणि फायरफॉक्सची चौथी आवृत्ती यांनी २०११ च्या मार्चमध्येच तिचा अंगीकार केला. क्रोमने मात्र ऑगस्ट २०१४ मधल्या सदतिसाव्या आवृत्तीपर्यंत जुनी वहिवाट सोडली नाही. त्यामुळे तीन-साडेतीन वर्षे असा देखावा होता की एकाच यंत्रावर, एकच पान, एकाच टंकात, शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत उघडावे आणि एकीत अक्षर लोण्यासारखे, तर दुसरीत कातरलेल्या पत्र्यासारखे दिसावे. फॉन्ट खराब आहे, असा बोल आरेखकाला लागे. तो पुष्कळ वेळा अन्यायाचा होता.

पाने रचणारे हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. त्यांनी जे तोडगे काढले त्यांत अक्षराभोवती एक पिक्सेलाची पुसट सावली धरणे, अक्षराच्या कडेला केसाएवढी बाह्यरेषा ओढणे, सबंध मजकूर अंशाच्या शतांशाने तिरपा करून यंत्रणेला वेगळ्या वाटेने चित्र काढावयास लावणे, असे नाना प्रकार होते. सर्वांत लोकप्रिय झाला तो एसव्हीजीचा तोडगा. एकाच टंकाच्या तीन-चार जातींच्या फायली ठेवण्याचा त्या काळी प्रघात होता, त्यांत एसव्हीजीची फाइल क्रमात पुढे आणली, की क्रोम तिच्यातली अक्षरे मजकूर म्हणून न काढता साधी रेखाकृती म्हणून काढी. जीडीआय आपोआप टळे आणि कडा मऊ होत.

इंग्रजी पानांवर हा उपाय खरोखरच गुणकारी होता, आणि म्हणूनच तो मी एका दिवाळी अंकाच्या संकेतस्थळासाठी विश्वासाने वापरला. मथळे उघडले तेव्हा कडा खरोखर सुंदर आल्या होत्या. पण 'क्षितिज' या शब्दात क चा पाय मोडून ष त्याच्यापुढे सुटा उभा होता, आणि प्रत्येक पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या अलीकडे असावयाची ती पलीकडे जाऊन बसली होती. कारण उघड होते, फक्त ते मला आधी सुचावयास हवे होते. देवनागरीत कोणती अक्षरे जुळून कोणते जोडाक्षर होते, कोणते चिन्ह उच्चारात मागून येऊन लेखनात पुढे बसते, याचे नियम ओपनटाइपच्या कोष्टकांत आणि ती वाचणाऱ्या मांडणीच्या यंत्रणेत असतात. एसव्हीजीच्या फायलीत ती कोष्टके नसतात आणि त्या वाटेने ती यंत्रणाही कामाला लागत नाही. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो, म्हणून त्या लिपीला हा अभाव जाणवला नाही. आमच्या लिपीत शब्दच नाहीसा झाला. मी त्याच रात्री ती ओळ काढून टाकली आणि दातेरी कडा पत्करल्या, कारण दातेरी 'क्षितिज' वाचता तरी येते.

सावलीचा तोडगा वरकरणी निरुपद्रवी वाटतो, पण त्यानेही मराठी मजकुराची हानी होते, आणि ही हानी डोळ्यांना लवकर दिसत नाही म्हणून अधिक घातक आहे. ध आणि घ, भ आणि म या जोड्या पाहाव्या. घ आणि म यांची शिरोरेषा अखंड जाते; ध आणि भ यांच्या डाव्या अंगाला ती खंडित असते. सोळा पिक्सेलांच्या मापाला हा खंड जेमतेम दीड-दोन पिक्सेलांचा भरतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी सावली पसरली, की पांढऱ्याचा करडा होतो, आणि 'धन' व 'घन', 'भान' व 'मान', 'धार' व 'घार' यांतला फरक वाचकाला संदर्भावरून ताडावा लागतो. रोमन लिपीत कड थोडी फुगली तर अक्षर जाड दिसते. येथे दुसरेच अक्षर उभे राहते.

मग खरा उपाय कोणता? माझ्या मते, दोष ज्या थरात उपजतो त्याच थरात तो निस्तरावा, आणि पान रचणाऱ्याने वरून मलमपट्टी करण्याचे टाळावे. टंकात सूचना नाहीत म्हणून दात पडत असतील, तर सूचना टंकातच भरल्या पाहिजेत. २०११ पासून वेर्नर लेंबेर्ग यांनी यासाठी टीटीएफऑटोहिंट नावाचे साधन विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. ते अक्षरांच्या आकृत्या तपासून महत्त्वाच्या आडव्या रेषा हुडकते आणि त्यांना पिक्सेलाच्या सीमेवर आणणारे हुकूम स्वतःच लिहिते. देवनागरीचेही त्याला ज्ञान आहे, आणि शिरोरेषा ही त्या ज्ञानातली मुख्य रेषा. हाताने केलेल्या कामाची सर त्याला येणार नाही, पण शेकडो जोडाक्षरांपुढे हतबल होणाऱ्या लहान टंकशाळेला त्याचा आधार मोठा आहे. त्याच्याच जोडीला गॅस्प नावाचे एक इवलेसे कोष्टक असते, ज्यात कोणत्या मापापर्यंत आज्ञा पाळाव्या आणि कोणत्या मापापासून कडा मऊ कराव्या हे विंडोजला सांगितलेले असते. पुष्कळ टंकांच्या दुखण्याचे मूळ हे कोष्टक चुकीचे असण्यात वा मुळीच नसण्यात आढळते आणि ते सुधारणे हे अवघ्या काही मिनिटांचे काम आहे.

दुसरे कारण इतके सामान्य आहे की ते सहसा तपासलेच जात नाही. मथळ्याचा मजकूर ब्राउझर आपोआप ठळक करू पाहतो; सर्व्हरवर टंकाचे फक्त साधे वळण ठेवलेले असेल, तर ब्राउझर त्याच आकृतीला सगळीकडून फुगवून खोटे ठळक वळण बनवितो. यात अक्षरांच्या गाठी बुजतात, शिरोरेषेवर ओबडधोबड पुटे चढतात, आणि लोक म्हणतात की टंक दातेरी आहे. ठळक वळणाची फाइल स्वतंत्रपणे पुरविणे, किंवा ती नसेल तर मथळा साध्याच वळणात लावण्याची आज्ञा लिहिणे, एवढाच त्यावर उतारा. तसेच कडा मऊ करण्याचा म्हणून जो एक गुणधर्म पानोपानी लिहिलेला आढळतो, तो केवळ मॅकवर चालतो. तेथे तो अक्षर बारीक करतो आणि विंडोजवर काहीच करीत नाही.

शिरोरेषेचा एक सूक्ष्म विकार येथे सांगितलाच पाहिजे, कारण तो नव्या यंत्रणेबरोबर आला आहे. 'कमल' हा शब्द घ्या. यात तीन अक्षरे, म्हणून शिरोरेषेला दोन सांधे. जुन्या यंत्रणेत प्रत्येक अक्षर पुऱ्या पिक्सेलावर सुरू होई, त्यामुळे सांधा दिसत नसे, अंतरे मात्र कमीजास्त होत. डायरेक्टराइटसारख्या यंत्रणेत सांधा पिक्सेलाच्या मध्यावर पडू शकतो. तेव्हा क ची रेषा त्या पिक्सेलाचा डावा अर्धा भाग व्यापते आणि म ची रेषा उजवा अर्धा. दोन्ही मिळून पिक्सेल पुरा काळा व्हावयास हवा. परंतु यंत्रणेला डावे-उजवे ठाऊक नसते, ती फक्त निम्मा काळा असे जाणते. पहिल्या थराने निम्मे पांढरे झाकले, दुसऱ्याने उरलेल्या निम्म्यातले निम्मे, म्हणजे पाव पांढरे शिल्लक राहते आणि भरून येते पंचाहत्तर टक्केच काळे. भिंग लावून पाहिले तर प्रत्येक सांध्यावर एक फिकट ठिपका दिसतो, जणू अखंड तुळईला जागोजाग चीर गेली आहे. यावर आरेखकांचा तोडगा सरळ आहे: शिरोरेषा अक्षराच्या हद्दीबाहेर थोडी पुढे काढावयाची, म्हणजे शेजाऱ्याच्या रेषेवर ती चढते आणि सांधा उरत नाही. मात्र अशा टंकाला अर्धपारदर्शक रंग दिला, तर जेथे रेषा एकमेकींवर चढल्या तेथे गडद डाग उमटण्याचा धोका राहतो. म्हणून मराठी मजकुराला पारदर्शक करडा न देता भरीव करडा रंगच द्यावा. आणि अक्षरांमधील अंतर वाढविण्याची रोमन मथळ्यांची हौस येथे कदापि करू नये, कारण तिने शिरोरेषाच तुटते.

फोनच्या पडद्यांनी या कहाणीचा पुष्कळसा भाग मिटवला आहे. २०१० च्या आयफोनने इंचाला ३२६ पिक्सेल आणले आणि दातांची उंची डोळ्याच्या पल्ल्याबाहेर गेली. २०१८ साली मोहावे आवृत्तीत ॲपलने मॅकवरची तीन पट्ट्यांची पद्धतही सोडून दिली. तरीही कचेऱ्यांत, ग्रंथालयांत आणि शाळांत चोवीस इंची रुंद पडदा, १९२० बाय १०८० पिक्सेलांचा, सर्रास आढळतो आणि त्यावर इंचाला ९२ च पिक्सेल भरतात. विंडोजच्या वापरकर्त्याने स्वतः निवडलेली अक्षरांची गडदता क्रोमने मानण्यास सुरुवात केली ती २०२५ च्या प्रारंभी, यावरून हा विषय अद्याप निकालात निघालेला नाही हे कळून येईल.

माझ्याकडे यासाठी एक चाचणीचे पान आहे. त्यावर धन-घन, भान-मान, क्षितिज, कीर्ती, दुसऱ्या, कमल एवढेच शब्द आहेत, चौदा, सोळा, अठरा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस पिक्सेलांत, एकदा पांढऱ्यावर काळे आणि एकदा काळ्यावर पांढरे. कोणताही टंक पानावर चढविण्यापूर्वी ते पान मी अशाच एका जुन्या चोवीस इंची पडद्यावर, प्रथम एका ब्राउझरात आणि मग दुसऱ्यात उघडतो आणि काचेला भिंग लावतो. अठ्ठेचाळीसच्या 'कीर्ती'वर दोन वेलांट्या आणि रफार यांची गर्दी असते, तेथे पायऱ्या आहेत का ते आधी पाहतो. मग 'कमल'चे सांधे. आणि सर्वांत शेवटी चौदाच्या 'भान'मधला भ, त्याच्या डाव्या अंगाची ती पांढरी फट अजून उघडी आहे की नाही.